कष्टकऱ्यांची मैत्री : ‘रंगभूमी’ ते ‘गोदान’

बनारसजवळच्या लमही गावात १८८० साली जन्मलेल्या प्रेमचंदांनी शेतकऱ्याचा मजूर होताना पाहिला आणि तो लिहिला. जमीन सुटलेल्या माणसाला मैत्र कुठे मिळते, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर ‘रंगभूमी’ (१९२५) ते ‘गोदान’ (१९३६) या काळात बदलत गेले.

‘रंगभूमी’ घडते बनारसला लागून असलेल्या पांडेपूरच्या वस्तीत. आंधळा भिकारी सूरदास याच्या जमिनीवर जॉन सेवकला सिगारेटचा कारखाना काढायचा आहे. इथली मैत्री शेजारपाजारची, भांडणांसकट असलेली. ताडीवाला भैरो सूरदासची झोपडी पेटवतो, त्याची पैशांची थैली लांबवतो. थैली हाती परत येते तेव्हा सूरदास ती भैरोलाच नेऊन देतो. पुढे कारखान्यापाठोपाठ परगावचे मजूर येतात आणि त्यांच्या संगतीने वस्तीतली पोरे बिघडतात. परका मजूर या कादंबरीत संकट म्हणूनच येतो. त्याच्या मनात शिरणे प्रेमचंदांना तोवर साधलेले नव्हते.

‘पूस की रात’ (१९३०) या कथेत हलकूने घोंगडीसाठी साठवलेले तीन रुपये सावकाराच्या देण्यात जातात. पौषाच्या थंडीत शेत राखताना तो जबरा या कुत्र्याला कुशीत घेऊन झोपतो. नीलगायी पीक फस्त करतात आणि हलकूपुढे मजुरीच उरते. पुढच्याच वर्षीच्या ‘दो बैलों की कथा’मध्ये हिरा आणि मोती हे बैल एकमेकांना सोडून पळायला तयार होत नाहीत. या दोन्ही कथांत निखळ सोबत मुक्या जनावरांकडे आहे.

१९३४ मध्ये प्रेमचंद चित्रपटासाठी मुंबईला गेले. तिथे त्यांनी गिरणी कामगारांवर पटकथा लिहिली आणि पुढच्या वर्षी ते बनारसला परतले. ‘गोदान’मध्ये शेतकरी होरीचा मुलगा गोबर लखनौला जातो, आधी फेरीवाला आणि मग साखर कारखान्यात मजूर होतो. त्याच्या बायकोचे, झुनियाचे, बाळंतपण शेजारची चुहिया करते आणि बाळाला स्वतःच्या अंगावर पाजते. संपात गोबर जबर जखमी होतो तेव्हाही तीच धावून येते. ‘रंगभूमी’त धास्तीची वाटलेली परक्यांची वस्ती इथे आधार झाली आहे, प्रेमचंदांच्या लेखनातला हा मोठा पल्ला होय. गावात मात्र होरी आठ आणे रोजावर खडी खणताना एकाकी कोसळतो.

‘गोदान’नंतर वर्षभराच्या आतच, १९३७ साली, अमेरिकेत जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ आली. कामासाठी मळ्यामळ्यांतून भटकणारे जॉर्ज आणि लेनी स्वतःच्या जमिनीच्या तुकड्याचे स्वप्न जोडीने पाहतात, जसा होरी गायीचे पाहतो. पण स्टाइनबेकची मैत्री दोन पुरुषांच्या वाटचालीतली, तर प्रेमचंदांची शेजारणीच्या दारातली. म्हणून ‘गोदान’ वाचताना होरी आणि त्याची बायको धनिया यांच्याइतकेच लक्ष चुहियाच्या थोड्या पानांकडेही द्यावे.