थंडीतली खिडकी

"थंडीत झाडं झोपतात, आता घरात काही लावू नका," असं पुण्यात दर डिसेंबरला कुणी ना कुणी सांगतंच. हा सल्ला विलायतेत योग्य आहे. लंडनला डिसेंबरअखेर दिवस जेमतेम आठ तासांचा. पुण्यात तेव्हाही तो अकरा तासांचा असतो. शिवाय मे महिन्यात डोक्यावर येणारा सूर्य (शून्य सावलीचा दिवस आठवा) डिसेंबरात दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच राहतो. त्यामुळे दक्षिणेची जी खिडकी मेमध्ये उन्हाला पारखी असते, तिच्यातून आता ऊन थेट फरशीवर उतरतं. फ्लॅटमधल्या बागेसाठी याहून चांगले दिवस नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

या उन्हात कोथिंबीर लावा. "घरात ती उगवतच नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेकदा धन्यांत असतं. अख्खा धना म्हणजे एक बी नव्हे. ते फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. त्यावरून लाटणं हलकेच फिरवलं की दोन इवल्या वाट्यांसारखे भाग सुटे होतात. डाळ होऊ द्यायची, पीठ नाही. रात्रभर भिजवून ट्रेमध्ये पेरा आणि धीर धरा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, कडाक्याच्या थंडीत पंधराही. पाचव्या दिवशी माती उकरून पाहिली की घात झालाच. आधी येतात ती दोन लांबट, गुळगुळीत पानं. त्यांना गवत समजून उपटणारेही मी पाहिलेत. कातरलेलं, ओळखीचं पान त्यानंतर फुटतं.

मनीप्लांटसारखी उष्ण प्रदेशातली झाडं मात्र या दिवसांत खरंच मंदावतात. त्यांना रोज तांब्याभर पाणी घालणं ही माया नव्हे. माती उशिरा वाळते, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. आणि ती पिवळी पानं बघून माणूस आणखी पाणी ओततो. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको.

तुळशीच्या बाबतीत तर जीवाला लागतं. तिचं लग्न झालं की महिन्याभरात पानं गळू लागतात आणि घरातली वडीलधारी माणसं अशुभाच्या शंकेनं धास्तावतात. माझ्या आईलाही ही रुखरुख लागायची. पण तुळस उष्ण हवेतली. पारा दहाच्या खाली गेला की तिला सोसत नाही. त्यात मंजिऱ्या धरल्या की सगळा जोर बियांकडे जातो. मंजिऱ्या खुडा, रात्री कुंडी आत घ्या, पाणी कमी करा. पुष्कळदा ती पुन्हा फुटते.

झोपायच्या खोलीत झाडं ठेवली तर ती रात्री ऑक्सिजन संपवतात, ही भीतीही सोडा. माणसाच्या श्वासापुढे कुंडीचा श्वास नगण्य असतो. पण चार कुंड्यांनी हवा शुद्ध होते, हेही खरं नाही. नासाचा १९८९चा गाजलेला प्रयोग हवाबंद पेट्यांत झाला होता. इमारतीत एरवी जी हवा खेळते, तिच्या तोडीचं काम झाडांकडून व्हायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं २०१९च्या एका आढाव्यात दिसलं. त्यापेक्षा खिडकी उघडा.

कोथिंबिरीचा दुसरा ट्रे पहिल्यानंतर पंधरा दिवसांनी पेरा. फेब्रुवारी सरता सरता ऊन खिडकीकडे मागे सरकू लागतं, तोवर दोन्ही ट्रे काढून झालेले असतात.