साहेब, जामीन राहता का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वडवणीच्या घरी ओसरीवर सकाळचा पेपर उलगडून बसलो होतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा आला, पायरीशी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, जामीन ऱ्हाता का?"

बँकेतून निवृत्त झालो त्याला काही वर्षे लोटली. पण गावाच्या लेखी मी अजून साहेबच आहे. मी कादंबऱ्या लिहितो हे फार थोड्यांना ठाऊक, कर्जाच्या कागदावर सही कुठे करायची ते मला कळते हे मात्र सर्वांना ठाऊक! त्यामुळे जामिनाची विचारणा नवी नव्हती. नवे होते ते कर्जाचे कारण.

"ग्राफिक्स कार्ड घ्यायलो साहेब. अठ्ठावीस हजाराचं. हप्त्यावर भेटायलंय."

पोरगा बाविशीतला. बीड-परळी रस्त्यावरच्या एका गाळ्यात पीक विम्याचे, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. गाळा दुसऱ्याचा, हा पगारी. घरी मात्र त्याने स्वतःच्या कमाईतून एक संगणक घेतलेला. कुठल्याशा कचेरीतून निघालेला, दुरुस्त करून विकलेला. त्यावर त्याला खेळ खेळायचे होते.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "खेळायला कर्ज? जा घरी!" माझ्याही जिभेवर ते आले होते. पण त्याच्या हातातला फायनान्सवाल्याचा कागद पाहिला आणि जुनी खोड जागी झाली. व्याज चौदा टक्के, मुदत दोन वर्षे. मी पेपरच्या कडेलाच हिशेब मांडला. अठ्ठावीस हजारांवर दोन वर्षांचे सरसकट व्याज ७,८४० रुपये. हप्ता १,४९३ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या रकमेवर शेवटपर्यंत चालू. घटत्या बाकीवर मोजले तर हा दर पंचवीस टक्क्यांच्या घरात जातो. पोरगा त्या आकड्याकडे बघतच राहिला.

मी म्हणालो, "सही करतो की नाही ते नंतर. आधी मी विचारेन त्याची उत्तरं दे."

हे असे विचारण्यामागे माझेच एक पाप आहे. नोकरीच्या उमेदीच्या काळात एका शेतकऱ्याचे मोटरीचे कर्ज मी मंजूर केले होते. साडेसात अश्वशक्तीची मोटर. कागद चोख होते, तारण होते. विहिरीला पाणी किती, हे मात्र मी विचारले नाही. पाणी तीनच्या मोटरीपुरते होते. मोटर तासाभरात विहीर कोरडी करायची आणि हप्ता मात्र वर्षानुवर्षे चालला. त्या माणसाने मला कधी दोष दिला नाही. म्हणूनच तो अजून आठवतो.

पहिला प्रश्न: कशासाठी? उत्तर यायला वेळ लागला. त्याचे आई-बाप ऊसतोडीला जातात. दसरा झाला की ट्रक भरायचे, पाडव्याच्या आसपास परतायचे. हा लहानपणी आजीजवळ राहिला. तेव्हा गावातल्या नेट कॅफेत तासाला दहा रुपये पडत. ते याच्याकडे नसत. खेळणाऱ्यांच्या खुर्चीमागे उभा राहून हा नुसता बघायचा. क्रिकेट ०७, व्हाइस सिटी, मोस्ट वॉन्टेड, सगळे खेळ याला पाठ; हाताने एकही खेळलेला नाही. आता धाकटा भाऊ आठवीत आहे. संध्याकाळी तो स्टँडवर टोळक्यात जाऊन बसतो. "घरीच दोघं मिळून खेळलो तर बसंल साहेब घरात," तो म्हणाला.

यावर काय बोलणार?

दुसरा प्रश्न: किती हवे? "खेळांची यादी कर," म्हणालो. त्याने सात नावे लिहिली: क्रिकेट ०७, व्हाइस सिटी, रोड रॅश, मोस्ट वॉन्टेड, एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग, २०१३ सालचा टॉम्ब रेडर आणि संगणकावर २०१५ साली आलेला जीटीए फाइव्ह. आजच्या बाजारातला एकही खेळ त्यात नव्हता.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खाट, खाटेवर आजी, खाटेशेजारी टेबल. संगणकाचा डबा कचेऱ्यांत असतो तसला पातळ, आडवा. झाकण काढून पाहिले. वीजपुरवठ्याच्या पेटीवर २४० वॅट लिहिलेले. अठ्ठावीस हजारांच्या कार्डाची माहिती त्याने मोबाइलवर काढली. कार्ड दोन खणांच्या जाडीचे, उंचीला पूर्ण, त्याला वेगळी वीजतार हवी आणि पेटी साडेपाचशे वॅटची असावी ही कंपनीचीच शिफारस. म्हणजे कार्ड आणले असते तरी डब्यात बसलेच नसते! मग नवा डबा, नवी पेटी, पुन्हा कर्ज. विहीर आणि मोटर हीच गोष्ट.

मग पोरानेच एक शहाणपणाची सूचना केली. "कार्ड न घालता काय काय चालतंय ते बघू." प्रोसेसरमध्येच चित्रे काढण्याची थोडी सोय असते. पहिले पाच खेळ त्यावर विनातक्रार चालले. अडले ते शेवटचे दोन. चित्र दोन पावले चाले आणि ठेचकाळे. म्हणजे सातांपैकी पाच खेळांना एक पैसाही लागणार नव्हता. ग्राफिक्स कार्ड घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी हेच सांगेन: यादी करा, आहे त्यावर चालवून पाहा, आणि जे अडेल तेवढ्यापुरतेच दुकानात जा.

हे कार्ड करते तरी काय? बँकेच्या भाषेत सांगतो. प्रोसेसर म्हणजे शाखाधिकारी. अवघड प्रकरणे एकेक करून निकालात काढणारा. पडद्यावरचे चित्र मात्र अवघड नसते, अफाट असते. १९२० गुणिले १०८० ठिपके म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. सेकंदाला साठ चित्रे म्हटली तर दर सेकंदाला बारा कोटींवर ठिपके रंगवायचे. हे शाखाधिकाऱ्याचे काम नव्हे. इथे शेकडो कारकून हवेत, प्रत्येकाने आपापली सोपी बेरीज करावी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हा कारकुनांचा दिवाणखाना. आणि कार्डावरची मेमरी म्हणजे तिजोरीची खोली. तिचे दार अरुंद असेल तर कारकून कितीही असोत, रांगेत उभे राहतात.

या दाराची गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. पातळ डब्यासाठी अर्ध्या उंचीचे कार्ड हवे आणि ते मूळ खाचेतूनच वीज घेणारे हवे. त्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. या अटींत बसणारी स्वस्त नावे थोडी. एनव्हिडिया कंपनीचे जीटी ७१०, २०१६ सालचे, १९ वॅटचे. पण त्यात कारकून १९२च. जीटी ७३० एकाच नावाने तीन तऱ्हांचे निघाले, तेव्हा ते पारखूनच घ्यावे लागते. जीटी १०३० हे २०१७ सालचे, ३८४ कारकुनांचे आणि वीज अवघी ३० वॅट. तेच घ्यायचे ठरले.

पण थांबा. या जीटी १०३० मध्ये एक मेख आहे. २०१७ साली ते आले तेव्हा त्यावर जीडीडीआर ५ जातीची मेमरी होती. २०१८ साली त्याच नावाने डीडीआर ४ मेमरीचे कार्ड निघाले. नाव तेच, दार मात्र सुमारे एक तृतीयांश रुंदीचे. सेकंदाला ४८ गिगाबाइटच्या जागी सतराच्याही आत. खेळात हा फरक लगेच जाणवतो. सोनेतारण कर्जात मी एकसारख्या दिसणाऱ्या पाटल्या पुष्कळ पाहिल्या आहेत. शिक्क्यावर विसंबणारा फसतो, कसोटीवर घासणारा वाचतो. खोक्यावर 'जीडीडीआर ५' ही अक्षरे आहेत का, एवढेच बघायचे. वापरलेले कार्ड घ्यायचे तर जीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम हीच कसोटी. जुन्या चिपांवर नवे नाव चढवून विकलेली बनावट कार्डेही तो बहुधा ओळखून दाखवतो.

आता राहिला आवाज. हा प्रश्न पोराने विचारला नव्हता, आजीने विचारला. "रातभर त्यो पंखा घोंघावतो बाबा. डोळा लागंना."

संगणकाच्या पंख्याशी माझी ओळख जुनी आहे. बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतर शाखाशाखांतून खातेवह्यांची यंत्रे येऊ लागली. आमच्याकडे यंत्राच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचा नियम होता. सारी भीती धुळीची. ती खोटी नव्हती. पंखा हवेबरोबर धूळही ओढतो. ती पात्यांवर आणि धातूच्या पट्ट्यांत बसते, मग पंखा अधिक जोराने फिरतो आणि पुढे घरघरायला लागतो. छोट्या कार्डांवरचे पंखे इवलेसे असतात, तेवढीच हवा ढकलायला त्यांना जास्त गरगरावे लागते; म्हणून त्यांचा आवाज किरटा. वडवणीत तर धुळीला तोटा नाही.

तीस वॅटच्या कार्डाला पंखा लागतोच असे नाही. नुसता ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ठोकळा बसवलेली, अगदी मुकी जीटी १०३० मिळतात. बिघडायला पंखाच नाही. पण बिनपंख्याचे कार्ड म्हणजे बिनहवेचे नव्हे. ती उष्णता डब्यातच सुटते आणि डब्याच्या पंख्याने ती बाहेर न्यावी लागते. मराठवाड्यातला मे महिना लक्षात घेता डबा भिंतीला खेटून, कपाटात कोंडून ठेवू नये आणि त्यावर हौसेने विणलेला रुमालही घालू नये! आणखी एक युक्ती पोराने शोधली. जुना हलका खेळ मोकळा सोडला तर कार्ड उगाच सेकंदाला शेकडो चित्रे काढत तापते. साठाची मर्यादा घातली की डोळ्यांना फरक कळत नाही, कार्ड मात्र थंड राहते.

दोन गोष्टी ओघात सांगतो. जीटी १०३० ला जुन्या मॉनिटरची निळी व्हीजीए पिन थेट चालत नाही. मध्ये सिग्नल बदलणारा वेगळा जोड लागतो, त्याचे पैसे धरून ठेवावेत. आणि या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे कंपनीने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ असे तिने जाहीर केले आहे. जुने खेळ खेळणाऱ्याला त्याने आज काही अडत नाही.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. कर्जमागणीच्या अर्जात तो पहिला असतो. "घरात आणखी कर्ज किती?"

पोरगा गप्प. आजीच बोलली. "उचल हाय की. फिटंल कवा अन् पोरीची पाठ ऱ्हाईल कवा."

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला 'कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती 'उचल'. ती तोडलेल्या उसातून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. याच्या आईची पाठ गेली दोन वर्षे दुखते आहे. उचल निल झाली तर तिने यंदा घरी राहायचे, बापाने 'अर्धा कोयता' म्हणून एकट्याने जायचे, असे घरात बोलणे चालले होते. पोराचा पगार त्यातच जात होता. आणि आता त्यातूनच १,४९३ रुपये निघणार होते.

त्याने फायनान्सचा कागद माझ्यासमोर फाडला नाही, असले काही सिनेमात होते. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "ते राहू द्या साहेब. छोटं कार्ड कितीला पडंल?"

माझा पुतण्या मुंबईला असतो. त्याने लॅमिंग्टन रोडवर दोन-चार दुकाने फिरून जीडीडीआर ५ ची अक्षरे वाचून बिनपंख्याचे कार्ड घेतले. वापरलेले, अडीच हजारांना. अर्ध्या उंचीची पट्टी मागून घेतली, ती विसरली तर पातळ डब्यात कार्ड बसत नाही. पैसे पोराने रोख दिले. मला जामीन राहावे लागले नाही.

कार्ड बसवले त्या रात्री मी तिथेच होतो. टॉम्ब रेडर विनाअडखळ चालला. जीटीए फाइव्हला चित्राचा थाट जरा उतरवावा लागला, पण चालला. दोघे भाऊ एका खुर्चीत दाटीवाटीने बसले होते. डब्यातला जुना पंखा मी सकाळीच ब्रशने साफ करून घेतला होता. थोड्या वेळाने आजीने खाटेवरून विचारले, "बंद केलं का रं ते?"

"चालू हाय आजी."

"मग वाजंना कसं?" आणि ती कूस बदलून झोपली.

उचल काही दसऱ्यापर्यंत फिटली नाही. आई यंदाही गेली, पाठीला पट्टा बांधून. पण पोरगा दर महिन्याला पंधराशे रुपये बाजूला टाकतो आहे; हप्त्याचेच पैसे, फक्त दिशा बदललेली. पाडव्यापर्यंत किती जमतील ते त्याने माझ्याच पेपरच्या कडेला मांडून दाखवले. बेरीज मी तपासली. बरोबर होती.