चिमठाण्याचा खजिना आणि वाळव्याचे अण्णा

वॉर्सा, 12 ऑगस्ट 1943. पोलिश भूमिगत सैनिकांनी भरदिवसा जर्मनांच्या ताब्यातल्या बँकेची गाडी अडवली आणि काही मिनिटांत दहा कोटींहून जास्त झ्लोटी घेऊन पसार! एकदम थ्रिलर. मी फोनवर मामाला रंगवून सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "अगं, आपल्या चिमठाण्यालाही झालंय की हे."

मी धुळ्याची. दोंडाईच्याला मामाकडे जाताना चिमठाणे कितीदा मागे पडलं असेल! कधी उतरले मात्र नाही.

14 एप्रिल 1944. इंग्रज सरकारचा खजिना धुळ्याहून नंदुरबारला निघाला होता. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तरुणांनी खान्देशातल्या साथीदारांच्या मदतीने तो चिमठाण्याजवळ लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात! पैसा लढ्यासाठी हवा होता. या तरुणांमध्ये कुंडलचे जी. डी. बापू लाड होते आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी. अण्णांचं वय तेव्हा फक्त 21. आपण त्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यूचं टेन्शन घेत असतो!

त्याच वर्षी अण्णा पकडले गेले आणि साताऱ्याच्या तुरुंगातून निसटलेही. पण फेब्रुवारी 1945मध्ये पोलिसांशी चकमक झाली, त्यात त्यांचे दोन साथी गेले. एक किसन अहिर, दुसरे नानकसिंग.

पिक्चर इथे संपला असता. अण्णांचं काम इथून सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर ते दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी आणि धरणग्रस्तांसाठी लढत राहिले. वाळव्यात शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. साखरसम्राटांच्या या राज्यात कारखान्यावर नाव कुणाचं असतं, तुम्हाला माहीत आहेच. अण्णांनी नाव दिलं 'हुतात्मा किसन अहिर'. जो मित्र स्वातंत्र्य बघायला उरला नाही, त्याचं.

2009मध्ये अण्णांना पद्मभूषण मिळालं, 22 मार्च 2012ला ते गेले. एका प्रेझेंटेशनवर कुणाचं नाव आधी, यावरून मी ऑफिसात भांडलेली मुलगी. अण्णांचं वाचताना ते भांडण आठवलं आणि थोडी लाजच वाटली.

पुढच्या वेळी दोंडाईच्याची गाडी पकडली की तिकीट चिमठाण्याचं काढणार आहे. मामाला म्हटलं, तू तिथेच ये घ्यायला.