मशीन सामाईक, म्हणून फीही सामाईक?

"सहा जणांनी मिळून सीटी स्कॅनचं मशीन घेतलंय, आता ओपीडीची फीसुद्धा सगळ्यांची एकच ठेवू. भागीदारी आहे ना!" सावेडीपासून संगमनेरपर्यंत डॉक्टरांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता खरंच राग येतो.

भागीदारी मशीनची आहे. पैसा सहा जणांचा, बुडाला तरी सहा जणांचा. म्हणून स्कॅनचा दर सहांनी मिळून ठरवावा, त्यात काही गैर नाही. ओपीडी मात्र ज्याची त्याची. तिथे हे सहा जण एकमेकांचे स्पर्धक आहेत. स्पर्धकांनी मिळून दर ठरवले, तर ते स्पर्धेला मारकच, असं स्पर्धा कायदा, 2002 चं कलम 3(3) गृहीत धरतं. सेवेची कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला त्यातून सूट आहे, पण मशीनच्या करारात ओपीडीची फी घुसवून ती मिळत नाही.

"अहो, आम्ही फक्त कमाल फी ठरवतो, पेशंटचंच भलं!" अमेरिकेत मॅरिकोपा काउंटीच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. 1982 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. भांडवल आणि जोखीम वाटून घेणारी भागीदारी वेगळी, स्वतंत्र डॉक्टरांनी दर बांधणं वेगळं, हा फरक त्याच निकालात सांगितला आहे. तो निकाल आपल्याला बंधनकारक नाही, हे खरं. पण आपल्या कलमातही कमाल-किमान असा भेद केलेला नाही.

"असोसिएशनचा ठराव आहे." संघटनांचे निर्णयही कलमात नावानिशी आलेत. गोव्यातल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेला स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये दंड केला.

"लेखी काहीच नाही." तोंडी समजूतही कायद्याने करारच.

"आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल." कायदा सेवा पाहतो, नफा असलाच पाहिजे, अशी अट नाही.

"बाहेरच्या कंपनीशी केलेला करार हा आमचा खासगी मामला." पवईच्या हिरानंदानी हॉस्पिटलने एकाच स्टेम सेल बँकेशी करार केला, म्हणून आयोगाने 2014 मध्ये सुमारे 3.8 कोटी रुपये दंड ठोठावला. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला. पण तोवर तपास, सुनावणी, अपील हे सगळं हॉस्पिटलला करावं लागलंच.

नगरमध्ये सामाईक केंद्र काढताय? जरूर काढा, पेशंटची पुण्याची खेप वाचेल. करारनाम्यात केंद्राच्या सेवांचेच दर लिहा, आणि ओपीडीच्या फीची ओळ सही करण्याआधी खोडा.