टपालपेटीवर आपलं नाव

जर्मनीत इमारतीतल्या फ्लॅटला बहुतेक ठिकाणी नंबर नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक आणि टपालपेटीवर लिहिलेलं आडनाव, एवढाच माणसाचा पत्ता. पोस्टमन आडनाव शोधतो. सापडलं नाही, तर पत्र आल्या वाटेने परत जातं. आणि तिथं पत्रावाचून पान हलत नाही. करक्रमांक पत्राने येतो, बँकेच्या कार्डाचा पिन वेगळ्या पाकिटातून येतो, आरोग्य विम्याचं कार्डही टपालानेच. नवा गेलेला माणूस मित्राच्या खोलीत उतरतो, पेटीवर मित्राचंच आडनाव राहतं आणि महिनाभराने लक्षात येतं की करक्रमांकाचं पत्र कधीच परत गेलं. तो क्रमांक कंपनीकडे नसेल, तर पहिल्या पगारातून जास्तीचा कर कापला जाऊ शकतो. पुढे तो परत मिळतो, पण नेमकी पैशांची ओढ असते त्या महिन्यात हात आखडतो. पेटीवर स्वतःच्या आडनावाची एक चिठ्ठी चिकटवली असती, तर हे टळलं असतं.

परदेशी नोकरीची तयारी म्हटलं की आपल्याकडे व्हिसा, तिकीट आणि तेवीस किलोंची बॅग एवढंच डोळ्यांपुढे येतं. खरा कस लागतो तो उतरल्यानंतरच्या पहिल्या शंभर दिवसांत, आणि त्या दिवसांची बरीचशी तयारी इथे, घरी बसूनच करता येते. जर्मनीचं उदाहरण घ्यायचं कारण म्हणजे महाराष्ट्रातून तिकडे जाणारी वाट आता रुंद झाली आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. श्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याची राजधानी. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश या कंपन्यांचं माहेर. मर्सिडीजचा कारखाना चाकणला, बॉशचा नाशकात. त्यामुळे या पट्ट्यातल्या कित्येक घरांत ‘श्टुटगार्ट’ हे नाव पुणे-नाशिक हायवेइतकं ओळखीचं आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. कारण सरळ आहे. तिथली पिढी म्हातारी होते आहे आणि निवृत्त होणाऱ्यांच्या जागी उभं राहायला पुरेसे तरुण हात नाहीत.

पण दार उघडं आहे म्हणून कुणालाही आत घेतात, असं नाही. सॉफ्टवेअरमधल्या माणसाची वाट सर्वांत सोपी. पदवी मान्य आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर, म्हणजे २०२५ मध्ये सर्वसाधारण कामांसाठी वर्षाला ४८,३०० युरो, असेल तर ‘ब्लू कार्ड’ मिळतं. टंचाईच्या क्षेत्रांत ही मर्यादा आणखी खाली आहे. ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो; जर्मन भाषेची बी१ पातळी पार केली असेल तर २१ महिन्यांनीच. जोडीदाराला भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि गेल्या गेल्या नोकरीही करता येते.

आयटीआय झालेल्या मुलांचं गणित वेगळं आहे आणि त्याबद्दल गावोगावी फारच अर्धवट माहिती पसरली आहे. जर्मनीत इलेक्ट्रिशियन किंवा फिटर तीन-साडेतीन वर्षं शिकतो, आठवड्याचे काही दिवस वर्गात आणि बाकीचे कारखान्यात. आपलं प्रमाणपत्र त्या शिक्षणाशी ताडून पाहिलं जातं. कारखानदारीतल्या ट्रेडसाठी हे काम न्युर्नबेर्गची एक संस्था करते, कारागिरीच्या ट्रेडसाठी कारागिरांची प्रादेशिक मंडळं. उत्तर बहुतेक वेळा ‘अंशतः समकक्ष’ असं येतं, म्हणजे राहिलेला भाग भरून काढा. १ मार्च २०२४ पासून कायद्याने एक नवी सोय केली: ए२ पातळीचं जर्मन येत असेल आणि कंपनी तयार असेल, तर आधी कामावर रुजू होऊन उरलेली मान्यता तिथे जाऊन मिळवता येते. तिला एक अट आहे. आपल्या देशात सरकारमान्य असलेलं, किमान दोन वर्षांचं शिक्षण हवं. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे. ते यात बसतात. वेल्डर आणि प्लंबर एका वर्षाचे. नुसत्या त्या प्रमाणपत्रावर ही वाट त्यांना मिळत नाही. प्रवेश घेतानाच मुलांना हे कुणीतरी सांगितलं पाहिजे.

परिचारिकांची परीक्षा सर्वांत कठीण. केरळच्या मुली १९६०च्या दशकापासून जर्मन रुग्णालयांत जात आल्या आहेत, आणि आज केरळ सरकारची ‘नोर्का रूट्स’ ही संस्था जर्मन यंत्रणांशी थेट करार करून त्यांना पाठवते. पूर्ण मान्यतेसाठी बी२ पातळीचं जर्मन लागतं. मान्यता मिळेपर्यंत सहाय्यक म्हणून काम आणि सहाय्यकाचाच पगार. बी.एससी. नर्सिंग करून वॉर्डात वर्षानुवर्षं इन्चार्ज राहिलेल्या बाईला हे जड जातं. निघण्यापूर्वीच ते ठाऊक असेल, तर तिची उमेद खचत नाही.

एजंटांबद्दल दोन शब्द स्पष्टच लिहायला हवेत. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. शेत गहाण ठेवून चार-पाच लाख भरण्यापूर्वी ती यादी पाहायला पाच मिनिटं लागतात. ‘व्हिसा नक्की’ असं कुठलाही एजंट खरेपणाने सांगू शकत नाही. तो निर्णय दूतावासाचा असतो.

आता पगार. वर्षाला ४८ हजार युरो ऐकून इथे घरात गुणाकार सुरू होतो. महिन्याला ४ हजार युरो. एकट्या, मूल नसलेल्या माणसाच्या हातात त्यातले साधारण २,६०० येतात. उरलेले कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेरोजगारी विमा आणि शुश्रूषा विमा यांत जातात. पण ते पैसे पाण्यात जात नाहीत. आजारी पडल्यावर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो, दवाखान्यात बिलाची धास्ती नसते, प्रत्येक मुलामागे सरकार महिन्याला भत्ता देतं (२०२५ मध्ये २५५ युरो). निवृत्तिवेतनाबाबत भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे किमान पाच वर्षांची अट मोजताना भारतातली पीएफची वर्षंही धरता येतात. नोकरी सोडताना पीएफ काढून मोकळं होण्याआधी हे तपासून घ्यावं.

वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक खास गोष्ट. पत्तानोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक लिहिलं की आयकरावर चर्चकर लागतो, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के. भरावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण पगारपत्रक पाहून दचकण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

घर हा सगळ्यांत मोठा घोर. जाहिरातीत ‘थंड भाडं’ आणि ‘ऊबदार भाडं’ असे दोन आकडे असतात. पहिल्यात फक्त जागा. दुसऱ्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत, आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं. कित्येक घरांत ओटा नाही, सिंक नाही, छताला नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला असतो. म्हणून पहिले तीन-चार महिने सामानासकट खोली घ्यावी. मात्र घेताना एक गोष्ट विचारायलाच हवी: ‘पत्तानोंदणीसाठी सहीचा कागद मिळेल ना?’ राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंद करावी लागते आणि घरमालकाच्या सहीशिवाय ती होत नाही. नोंद नाही तर करक्रमांक नाही, आणि बँकेत खातं उघडतानाही अडतं. घर न दाखवता आगाऊ पैसे मागणाऱ्या जाहिरातींना तर हातही लावू नये.

घर मिळालं की त्याचे रिवाज शिकावे लागतात. श्टुटगार्टच्या परिसरात ‘केअरवोखे’ नावाची रीत आहे: प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या पाळीच्या आठवड्यात जिना आणि इमारतीपुढची फरसबंदी झाडायची. दाराच्या मुठीला पाटी अडकवली की तुमची पाळी आली. आपल्या चाळीत नळाची, संडास धुण्याची पाळी असायची, तसंच हे. तिथे रुजायला याच्यासारखी दुसरी संधी नाही, कारण शेजाऱ्याशी पहिलं बोलणं बहुधा जिन्यात, झाडू हातात असतानाच होतं. रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता. ड्रिल, हातोडी रविवारी चालत नाही, आणि दुकानंही बंद असतात. दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवायची.

हिवाळ्यात खिडक्या लावून भात, आमटी, फोडणी चालू राहिली की भिंतींवर बुरशी धरते. तिचा खर्च अनामतीतून कापला जाऊ शकतो. म्हणून थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. हे तिथे इतकं महत्त्वाचं मानतात की पुष्कळदा भाडेकरारात लिहिलेलं असतं.

बॅगेबद्दल आयांना एक कळकळीची विनंती. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या कस्टममध्ये काढून घेतल्या जाऊ शकतात. रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र नसेल तर कढीपत्ता आणि हापूसही नेता येत नाहीत. नारळ मात्र चालतो. गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या, भाजणी, डिंक खुशाल द्या. गव्हाचं पीठ, डाळी, तांदूळ प्रत्येक शहरात भारतीय किंवा तुर्की दुकानांत मिळतात, त्यांनी वजन वाढवू नका. रोजची औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. आणि दातांची कामं इथेच उरकून घ्यावीत.

वाहन परवान्याची वेळही लक्षात ठेवायला हवी. भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि शिकवणीसकट खर्च २ ते ३ हजार युरोंच्या घरात जातो. ड्रायव्हरच्या नोकरीसाठी जाणाऱ्याने हा खर्च कोण करणार, ते करारात लिहून घ्यावं.

मागे राहणाऱ्या घराचीही एक तयारी असते. अनिवासी झाल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही; बँकेला कळवून ते ‘एनआरओ’ करून घ्यावं लागतं. सातबारा, फ्लॅट, वडिलांच्या ठेवी यांची कामं निघणार असतील, तर निघण्यापूर्वी विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र नोंदवून ठेवावं. आईवडिलांचा डॉक्टर, शेजारी, गॅसवाला, विम्याचा कागद, सगळं एका वहीत लिहून त्याची प्रत बहिणीकडे किंवा भावाकडे द्यावी. हिवाळ्यात घड्याळांत साडेचार तासांचा फरक असतो. मुलगा सहाला घरी पोचतो तेव्हा इथे साडेदहा झालेले असतात आणि आई झोपलेली असते. फोनची वेळ जायच्या आधीच ठरवावी, नाहीतर आठवडे नुसते हुकलेल्या कॉलमध्ये जातात.

पहिला हिवाळा बहुतेकांना अवघड जातो. डिसेंबरात श्टुटगार्टला सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, परतताना अंधार. सहकारी सौजन्याने वागतात, पण कामाची वेळ संपली की आपापल्या घरी जातात, आणि एकटा माणूस त्याचा अर्थ ‘आपण नकोसे आहोत’ असा लावून बसतो. तसं नसतं. तिथली मैत्री गावातल्या क्लबांतून होते: फुटबॉल, गिर्यारोहण, गायनमंडळ, स्वयंसेवी अग्निशमन दल. मोठ्या शहरांतली मराठी मंडळं गणपती, दिवाळी, संक्रांत करतात. त्यांचा आधार मोठा असतो. मात्र शनिवार-रविवार फक्त मराठीत आणि ऑफिस फक्त इंग्रजीत, अशी पाच वर्षं काढलेली माणसंही आहेत. मुलाच्या शाळेतून आलेलं पत्र त्यांना अजून दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं.

म्हणून सगळ्या तयारीत पहिला क्रमांक भाषेचा. गोएथे संस्था, म्हणजे आपल्याकडचं मॅक्सम्युलर भवन, सांगते की बी१ पातळी गाठायला पंचेचाळीस मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. रोज दोन तासिका, आठवड्याचे पाच दिवस, असं धरलं तरी आठ महिने ते सव्वा वर्ष. व्हिसा आल्यावर वर्ग लावू म्हटलं, तर हा वेळ सापडतच नाही. पुणे, मुंबईत वर्ग आहेत आणि ऑनलाइन वर्गांमुळे आता लातूर किंवा कणकवलीत बसूनही शिकता येतं. जर्मनीचा विचार मनात असलेल्या प्रत्येकाने, करार हातात आलेला नसला तरी, या महिन्यातच वर्गात नाव घालावं.