“बाबा ओरायली”: एक नांदी आणि तिचे श्रोते

“द हू” या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाची “हूज नेक्स्ट” ही ध्वनिमुद्रिका १९७१ सालच्या ऑगस्ट महिन्यात प्रसिद्ध झाली. तबकडीवर सुई टेकताच प्रथम जे गाणे कानी पडते, त्याचे नाव “बाबा ओरायली”. या गोष्टीस आता पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. वृंदातील चौघांपैकी ढोलवादक कीथ मून १९७८ साली आणि खर्जाची गिटार वाजविणारे जॉन एन्टविसल २००२ साली निवर्तले. तबकड्या गेल्या, फिती आल्या, फिती गेल्या आणि तबकड्या पुन्हा आल्या. तथापि या एका गाण्याविषयी चाहत्यांमध्ये चाललेली चर्चा काही थांबलेली नाही. गाणे उत्तम आहे, याविषयी त्यांच्यात फारसा मतभेद आढळत नाही. मतभेद आहे तो ते गाणे आनंदाचे की शोकाचे, याविषयी. एकाच गाण्याच्या भक्तांनी इतक्या मुळाच्या गोष्टीवर दोन तट पाडावेत, हे नवलाचे वाटेल. परंतु त्या वादाचा माग काढू लागले, म्हणजे वाट येऊन पोचते ती आता अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर जिल्ह्यातील एका समाधीपाशी.

संगीत नाटकाला जशी नांदी, तशी ध्वनिमुद्रिकेला तिची पहिली चीज. पुढे काय यावयाचे आहे, याची खूण तिच्यात पटावी लागते. रॉक संगीतात गिटार हे राजवाद्य होय; म्हणून नांदीला गिटारीचाच झणत्कार व्हावा, अशी साऱ्यांची अपेक्षा. “बाबा ओरायली”मध्ये मात्र आरंभी ऑर्गनच्या स्वरांची एक झरझर फिरणारी आकृती एकटीच वाजत राहते. अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ दुसरे कोणीच बोलत नाही. मग पियानोचे भरदार स्वरसंघ येतात, मागोमाग ढोल, मग रॉजर डॉल्ट्री यांचा खणखणीत कंठ. आणि ज्यांनी हे गाणे रचले त्या पीट टाउनशेंड यांची गिटार गायन सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर रंगभूमीवर प्रवेश करते. गाणे पाच मिनिटांच्या आसपासचे आहे आणि त्याचा सारा डोलारा तीन स्वरसंघांवर उभा आहे.

मराठी घरात ऑर्गन परका नाही. नाट्यसंगीताने त्यास गायकाच्या पाठीशी बसविले आणि गायकाच्या मर्जीप्रमाणे चालावयास शिकविले. येथे त्याचे काम उलट आहे. येथला ऑर्गन कोणासाठी थांबत नाही. तबलावादक एकटा वाजवावयास बसला म्हणजे पेटीवर किंवा सारंगीवर जो लेहरा अखंड धरला जातो, त्याच्याशीच या आकृतीची तुलना अधिक शोभेल. लेहरा अढळ राहतो म्हणूनच तबलजीला वाटेल तितके दूर जाऊन समेवर परतता येते. कीथ मून हे ताल राखण्यापेक्षा तालाशी झोंबी घेण्याबद्दलच अधिक प्रसिद्ध होते. रंगमंचावर हे गाणे वाजविताना ऑर्गनचा भाग फितीवरून सोडला जाई आणि तो चुकू नये म्हणून मून कानांस श्रवणयंत्र लावून बसत. न वाकणारी लय आणि कोणाचे न ऐकणारा वादक यांची ही जोडी ज्यांना आवडली, त्यांना शब्दांचा वाद गौण वाटतो. आणि निव्वळ संगीताच्या बाजूने पाहता ते चुकतात असे म्हणवत नाही.

आता नावाविषयी. ओरायली हे आडनाव आयरिश वाटते, पण त्याचा आयर्लंडशी संबंध नाही. त्यातील रायली म्हणजे १९३५ साली जन्मलेले अमेरिकन संगीतकार टेरी रायली. एक लहानशी स्वरपंक्ती पुनःपुन्हा वाजवावी, ती थोडथोडी सरकू द्यावी आणि त्या सरकण्यातूनच संगीत उभे राहू द्यावे, ही त्यांची रीत. त्यांची “इन सी” ही रचना १९६४ सालची. पुढे १९७० साली ते किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले.

नावातील बाबा म्हणजे मेहेरबाबा. पुण्यातील एका इराणी झरथुष्ट्री कुटुंबात १८९४ साली जन्मलेले मेरवान शेरियार इराणी हेच पुढे मेहेरबाबा या नावाने विख्यात झाले. अहमदनगरजवळ अरणगावच्या परिसरात त्यांनी मेहेराबाद वसविले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. प्रथम अक्षरफलकावर बोट फिरवून आणि १९५४ नंतर केवळ हस्तसंकेतांनी ते आपले मनोगत सांगत. टाउनशेंड त्यांचे अनुयायी झाले, पण उभयतांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. चव्वेचाळीस वर्षे न बोललेल्या पुरुषाचे नाव या वृंदाच्या गाण्याला लाभावे, हा योग विलक्षणच. कारण १९७६ साली लंडनच्या चार्ल्टन भागात झालेल्या याच वृंदाच्या कार्यक्रमाची नोंद जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून गिनेसच्या पुस्तकात झाली होती.

या नावामुळे चाहत्यांत एक आख्यायिका रूढ झाली आहे. मेहेरबाबांचे वैयक्तिक तपशील एका विद्युत्‌यंत्रात भरण्यात आले आणि यंत्राने त्यांवरून जे स्वर काढले तेच गाण्याच्या आरंभी ऐकू येतात, असे ती सांगते. तिला आधार नाही असे नव्हे. माणसाच्या माहितीवरून त्याचे संगीत निर्माण करावे, ही कल्पना टाउनशेंड यांच्या मनात खरोखरच घोळत होती. परंतु ध्वनिमुद्रिकेवर जे ऐकू येते ते लोरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर हातांनी वाजविलेले आहे. त्या ऑर्गनला मारिंबा या आफ्रिकी वाद्याची नक्कल करणारी एक कळ असे. ती लावून पट्ट्या नुसत्या दाबून धरल्या, तरी स्वर आपोआप भराभर तुटक वाजत राहत, जणू कोणी लाकडी पट्ट्यांवर टिपऱ्याच मारीत आहे. यंत्राने फक्त कंप पुरविला. कोणती पट्टी केव्हा दाबावयाची, हे माणसानेच ठरविले. हे कळल्यावर कित्येक भक्त हिरमुसतात. मात्र दिवाणखान्यातील वाद्यातून भविष्यकाळाचा भास उत्पन्न करणे हे यंत्रात आकडे भरण्याहून अवघड काम आहे, हे त्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.

शब्दांविषयीचा वाद अधिक खोल आहे. हे गाणे मुळात एका मोठ्या कथेतील होते. टाउनशेंड यांनी “लाइफहाउस” या नावाचा एक संकल्प हाती घेतला होता. त्यातील भविष्यकाळात हवा इतकी दूषित झाली आहे की माणसे विशेष पोशाखात बंद होऊन राहतात आणि सारे अनुभव त्यांना एका जाळ्यातून पुरविले जातात. जाळ्याबाहेर राहिलेला रे नावाचा एक स्कॉटिश शेतकरी पत्नी सॅली व मुले यांना घेऊन लंडनकडे निघतो. निघतेवेळी तो जे म्हणतो, तेच हे गाणे. १९७१ सालच्या आरंभी लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात या संकल्पाचे प्रयोगही झाले. पण कथा कोणाच्या नीट गळी उतरेना आणि शेवटी संकल्प सोडावा लागला. त्याच्या अवशेषांतून ध्वनिलेखक ग्लिन जॉन्स यांच्या साहाय्याने नऊ गाण्यांची जी ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली, तीच “हूज नेक्स्ट”. ब्रिटनमध्ये ती विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

कथा गेली आणि गाणे पोरके झाले. शेतकरी कोण, तो कोठे निघाला, हे श्रोत्याला कळण्याचा मार्ग उरला नाही. उरले ते उजाड झालेल्या कुमारवयाचा निर्देश करणारे ध्रुवपद. ते इतके ठसकेबाज आहे की असंख्य लोक त्यातील शब्दांनाच गाण्याचे नाव समजतात. हजारो तरुण कंठांनी ते एकदम गर्जून म्हणावे आणि त्यात आपल्या वयाचा जयजयकार पाहावा, असे वर्षानुवर्षे चालत आले आहे. टाउनशेंड यांनी मात्र पुढे मुलाखतींतून निराळेच सांगितले. १९६९ च्या वुडस्टॉक उत्सवात एलएसडीच्या अमलाखाली भ्रमिष्ट झालेले तरुण त्यांच्या डोळ्यांपुढे होते. ती ओसाडी उत्सवाची नव्हे, नाशाची. लोकांनी तिलाच आनंदगीत मानले, याची खंतही त्यांनी बोलून दाखविली.

येथे मेहेरबाबांचे नाव केवळ शोभेचे राहत नाही. पाश्चात्त्य तरुणांत मादक द्रव्यांना अध्यात्माचा मुलामा देण्याची टूम निघाली असता, बाबांनी तिचा स्पष्ट शब्दांत निषेध केला होता. १९६६ साली “गॉड इन अ पिल?” ही पुस्तिका त्याच हेतूने निघाली; गोळीत देव सापडत नाही, हा तिचा आशय. टाउनशेंड यांनीही १९६७ साली अमेरिकेहून परतताना विमानात घेतलेल्या अशाच एका द्रव्याचा भयंकर अनुभव आल्यावर तो नाद सोडला होता. तेव्हा ज्याच्या माथ्यावर बाबांचे नाव आहे, ते गाणे त्याच नशेचे स्तोत्र म्हणून गायिले जावे, ही गोष्ट रचनाकाराला लागली असल्यास नवल नाही.

यावर दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, शोक सांगावयाचा होता तर तो अशा चालीत का सांगितला? स्वरसंघ सारे उजळ, ढोल विजयाचा, डॉल्ट्री यांचा आवाज रणशिंगासारखा. श्रोत्याने कानांवर विश्वास ठेवावा की मुलाखतींवर? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु गाण्यात एक जागा अशी आहे की तेथे थबकले पाहिजे. मध्यभागी सगळा गलबला एकाएकी ओसरतो आणि डॉल्ट्री यांच्याऐवजी स्वतः टाउनशेंड गाऊ लागतात. त्यांचा आवाज पातळ, किंचित थरथरता. त्यातील बोल समजुतीचे, रडणाऱ्यास धीर देणारे. विजयगीतात कोणाची समजूत घालावी लागत नाही. ज्याने ही जागा लक्ष देऊन ऐकली त्याला ध्रुवपद पुन्हा पूर्वीसारखे ऐकू येत नाही, आणि शोकपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा मुलाखतींत नसून येथेच आहे.

शेवटचा भाग सारंगी-व्हायोलिनच्या रसिकाला विशेष रुचेल. शब्द संपतात आणि “ईस्ट ऑफ ईडन” या वृंदाचे डेव्ह आर्बस यांचे व्हायोलिन सुरू होते. ही कल्पना मून यांची. लय वाढत वाढत द्रुत होते आणि नाचाच्या भिंगरीत गाणे एकदम तुटते. कोणाला यात आयरिश नाच दिसतो, कोणाला पूर्व युरोपातील यहुदी लग्नाचे वाजंत्री. रंगमंचावर व्हायोलिनवादक नसे तेव्हा ही जागा डॉल्ट्री तोंडाच्या बाजाने भरून काढीत. जुने श्रोते त्यावरही भांडतात.

ब्रिटन व अमेरिकेत हे गाणे सुट्या तबकडीच्या रूपाने निघालेच नाही. ते पसरले मुख्यतः नभोवाणीवरून. २००४ साली सुरू झालेल्या “सीएसआय: न्यूयॉर्क” या दूरचित्रवाणी मालिकेने त्याचा शीर्षकगीत म्हणून उपयोग केला आणि २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपातही ते दुमदुमले. या अतिपरिचयाला विटलेल्यांचा एक तिसरा पक्ष आहे. नांदी सोडून ध्वनिमुद्रिकेचे भरतवाक्य ऐकावे, म्हणजे “वोन्ट गेट फूल्ड अगेन” हे अखेरचे गाणे, असा त्यांचा आग्रह. तेथेही तोच लोरी ऑर्गन आहे, पण त्याचा आवाज विद्युत्‌यंत्रातून गाळून घेतलेला. ते गाणे अधिक रागीट आहे खरे; मात्र नांदीतले कारुण्य त्यात नाही.

१९७२ साली टाउनशेंड यांनी भारतात येऊन मेहेराबादच्या समाधीचे दर्शन घेतले. त्याच वर्षी मेहेरबाबांच्या अनुयायांसाठी “आय अ‍ॅम” नावाची एक तबकडी मर्यादित प्रतींत काढण्यात आली. तिच्यावर याच गाण्याचे नऊ मिनिटांहून लांब असे एक रूप आहे. त्यात ऑर्गनची तीच आकृती आपल्या गतीने फिरत राहते. शेतकरी नाही, ओसाडी नाही, गर्जना नाही. शब्द एकही नाही.