कॉकेशस : आगीचा आणि भाषांचा डोंगर

अझरबैजानची राजधानी बाकू. तिच्याजवळ सुराखानी इथे आतशगाह नावाचं अग्निमंदिर आहे. तिथल्या एका शिलालेखाची लिपी मराठी वाचक चटकन ओळखेल, कारण ती देवनागरी आहे. आरंभी गणेशवंदन, मग ज्वालाजीचं स्मरण आणि काळ विक्रम संवत 1802, म्हणजे इसवी सन 1745च्या आसपासचा. व्यापारासाठी कास्पियनकाठी गेलेले भारतीय इथे जमिनीतून आपोआप निघणाऱ्या ज्वाळांपुढे हात जोडत.

त्या ज्वाळांचं मूळ डोंगर घडवणाऱ्या शक्तीत आहे. अरबी भूपट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियन भूपट्टाला रेटतो आहे. त्या रेट्याने काळा समुद्र आणि कास्पियन यांच्या दरम्यान कॉकेशसची सुमारे 1,200 किलोमीटर लांबीची मुख्य रांग उचलली गेली. पूर्व टोकाला गाळाच्या जाड थरांत तेल आणि वायू साठला होता. थरांना घड्या पडल्या, भेगा फुटल्या, वायू वर येऊन पेटला. 1900च्या सुमारास जगातलं जवळपास निम्मं खनिज तेल बाकू परिसरातून निघत होतं. याच उपशाने भूगर्भातला वायू ओसरला आणि 1969 साली सुराखानीची नैसर्गिक ज्योत विझली. आज तिथे नळाने आणलेला वायू जळतो. डिसेंबर 1988मध्ये भूपट्टांच्या याच रेट्याने आर्मेनियातलं स्पिताक शहर जमीनदोस्त केलं. त्या भूकंपात सुमारे 25,000 माणसं गेली.

डोंगर हवामानही ठरवतो: काळ्या समुद्रावरचे ओले वारे त्याला अडून पश्चिमेलाच रिते होतात. त्या समुद्राकाठच्या बातुमीत वर्षाला सुमारे 2,500 मिलिमीटर पाऊस पडतो, बाकूत जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. वरच्या दऱ्यांच्या वाटा हिवाळ्यात बर्फाने अडतात. अशा तुटक वस्तीमुळे कॉकेशसच्या रशियन बाजूच्या एकट्या दागेस्तानात तीसेक भाषा टिकल्या. त्यातली आर्ची तर जवळपास एका गावापुरती आणि त्याच्या वाड्यांपुरती आहे.

पण डोंगर भाषा राखतो, हे मला अर्धंच खरं वाटतं. 1864 साली रशियन फौजांनी कॉकेशसमधल्या चेर्केस लोकांबरोबर त्यांच्या शेजारच्या उबिख लोकांनाही काळ्या समुद्राच्या काठावरून ऑटोमन साम्राज्यात हुसकावलं. उबिखांच्या भाषेत 84 व्यंजनं होती, मराठीच्या दुपटीहून जास्त. परक्या मुलखात मुलं तुर्की बोलू लागली. उबिख अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ, तेव्फिक एसेंच, 1992 साली तुर्कस्तानात वारले. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज द्युमेझील यांनी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं बसून ही भाषा नोंदवून ठेवली. एसेंच यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर आहेत. ती जरूर ऐका.